दफनभूमीपर्यंत जाणारी ट्राम

न्यू ऑर्लीन्सच्या कॅनॉल स्ट्रीटवर धावणाऱ्या लाल ट्रामच्या पाटीवर शेवटचा थांबा म्हणून ‘सेमेटरीज’ असे लिहिलेले असते. मिसिसिपीच्या काठावरून निघालेली ही गाडी सिटी पार्क अव्हेन्यूपाशी पोचते, तिथे जुन्या दफनभूमी एकमेकींना लागून आहेत. शहर सखल, जमिनीत थोडे खणले की पाणी. त्यामुळे इथली बरीच थडगी जमिनीवर विटांची बांधलेली असतात आणि दुरून छोट्या घरांच्या गल्लीसारखी दिसतात. मेटॅरी रिज हा जुन्या ओढ्याकाठचा उंचवटा त्यातल्या त्यात कोरडा. अग्निशामकांच्या धर्मादाय संस्थेने तिथे 1840 मध्ये सायप्रस ग्रोव्ह आणि 1852 मध्ये ग्रीनवूड दफनभूमी उघडली. पुढच्याच वर्षी पीतज्वराने शहरात हजारो माणसे दगावली.

घोड्यांची ट्राम आली जून 1861 मध्ये, यादवी युद्ध नुकतेच पेटले असताना. तिचा मार्ग कॅनॉल स्ट्रीटच्या मधल्या रुंद पट्ट्यातून होता. या पट्ट्यात मुळात कालवा खणायचा होता; तो कधीच झाला नाही, नाव मात्र राहिले. शिकागो आणि बाल्टिमोरमध्ये पुढे शवपेटी वाहणाऱ्या खास गाड्या निघाल्या. कॅनॉल मार्गाचे खरे काम मात्र जिवंत माणसांचे होते. 1 नोव्हेंबरला, ऑल सेंट्स डेला, कुटुंबे थडगी धुऊन, चुना लावून शेवंतीची फुले वाहतात. अशा लोकांना दफनभूमीच्या दाराशी नेणारी ही गाडी होती. 1894 मध्ये हा मार्ग विजेवर आला.

शोक सर्वांचा, बाके मात्र वेगळी. सुरुवातीला काळ्या प्रवाशांसाठी तारा रंगवलेल्या वेगळ्या गाड्या असत. 1867 च्या वसंतात काळ्या नागरिकांनी आंदोलन करून ही पद्धत मोडली. पण 1902 च्या कायद्याने भेद परत आला: गाडीतल्या बाकांवर सरकवता येणारी लाकडी पाटी बसवून जागा वाटल्या जात. ती पाटी 1958 मध्ये निघाली.

टेनेसी विल्यम्सच्या 1947 च्या नाटकात नायिका ‘डिझायर’ नावाच्या ट्राममधून उतरून ‘सेमेटरीज’ची ट्राम पकडते. हे नाटक विजय तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ म्हणून मराठीत आणले. दोन्ही नावे नाटककाराची कल्पना वाटतात, पण दोन्ही शहरातल्या खऱ्या पाट्यांवरून घेतलेली आहेत. डिझायरची ट्राम 1948 मध्ये बंद झाली. कॅनॉलची शेवटची फेरी 31 मे 1964 ला, मुंबईची ट्राम थांबल्यावर बरोबर दोन महिन्यांनी. तिच्या जागी वातानुकूलित बस आल्या आणि रूळ उखडले गेले. हा निर्णय चुकीचा होता, हे पुढे शहरानेच खर्च करून मान्य केले: एप्रिल 2004 मध्ये ट्राम परत आली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2005 मध्ये, कॅटरिना वादळाच्या पुरात नव्या लाल गाड्या बुडाल्या. सेंट चार्ल्स मार्गाच्या 1920 च्या दशकातल्या हिरव्या गाड्या मात्र उंचावरच्या आगारात सुखरूप होत्या. त्यांच्या स्वतःच्या मार्गावरच्या तारा तुटल्या होत्या, म्हणून डिसेंबरमध्ये त्याच कॅनॉलवर धावल्या. ज्यांचे मृतदेह घ्यायला कोणी आले नाही, अशा वादळबळींचे स्मारक 2008 मध्ये याच मार्गाच्या टोकाजवळ, चॅरिटी हॉस्पिटलच्या जुन्या दफनभूमीत उभे राहिले.

एक अडचण बरीच वर्षे राहिली. ट्राम सिटी पार्क अव्हेन्यूच्या अलीकडेच थांबे, आणि पुढची बस गाठायला प्रवाशांना वाहता चौक पायी ओलांडावा लागे. डिसेंबर 2017 मध्ये रूळ चौकापलीकडे नेण्यात आले आणि ट्राम व बस एकाच ठिकाणी भेटू लागल्या.