ई-रीडर घेताय? आधी हे विचारा

घरात वाचणारी माणसे असली की पुस्तकांचे कपाट लवकर भरते. दोन खोल्यांच्या घरात दुसरे कपाट ठेवायचे कुठे? म्हणून अनेक कुटुंबे ई-रीडरचा विचार करतात. किंमत सगळेच पाहतात. पण यंत्र बिघडले तर काय, आणि कंपनीने दुकानच बंद केले तर आपल्या पुस्तकांचे काय, हे फार थोडे लोक विचारतात.

ई-रीडरचा पडदा मोबाइलसारखा झगझगत नाही. त्यात शाईचे सूक्ष्म कण असतात आणि मुख्यतः पान बदलतानाच वीज खर्च होते. त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते. त्याची नाजूक बाजू म्हणजे पडदा. दप्तरात दाब पडला की तडा जातो आणि असे नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. म्हणून यंत्राबरोबर जाड कव्हर घ्याच.

आता कंपन्यांकडे पाहू. किंडल २००७ साली आले. त्यावर मराठी पुस्तके मिळतात, ही आपल्यासाठी मोठी सोय. मात्र २००९ मध्ये हक्कांच्या वादातून कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. नंतर प्रमुखांनी माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घेण्याची सोयही बंद झाली. कोबोवर ईपब स्वरूपातील पुस्तके थेट वाचता येतात. २०२४ मध्ये कोबोने काही नव्या यंत्रांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकांना देण्याची व्यवस्था केली. हा पायंडा चांगला आहे.

दुकाने बंद पडल्याची उदाहरणेही आहेत. सोनीने २०१४ मध्ये अमेरिकेतील ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना कोबोकडे सोपवले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दुकान बंद करताना पैसे परत दिले, पण पुस्तके गेली.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. उर्दूची बरीच जुनी पुस्तके पानांची छायाचित्रे काढून केलेल्या पीडीएफमध्ये असतात. सहा इंची पडद्यावर ती अक्षरे बारीक दिसतात आणि नुसती अक्षरे मोठी करता येत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांना वाचायचे असेल तर मोठा पडदा बरा.

भाऊ किंवा मामू आखातातून यंत्र आणणार असतील, तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारून घ्या. अनेकदा ती खरेदीच्या देशापुरतीच असते.

ऑनलाइन खरेदीत तक्रार आली, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे नियमाने बंधनकारक आहे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते. त्यासाठी बिल, वॉरंटी कार्ड आणि कंपनीशी झालेला लेखी व्यवहार जपून ठेवा.

आणि जे पुस्तक मुलानातवंडांपर्यंत पोहोचावे असे वाटते, ते कागदावरचेच घ्या.