अश्वपूजन आणि अभयदान

विजयादशमीस अश्वाचे पूजन करण्याची आपली परंपरा प्राचीन. विराटपर्वात नकुल ‘ग्रंथिक’ नाम धारण करून मत्स्यराजाचा अश्वपाल झाला. घोड्यांना शिकविणे व त्यांची चिकित्सा करणे ही त्याची विद्या. पूजेपूर्वी केस कातरण्याच्या यंत्रापुढे बुजरा घोडा थरथरतो, तेव्हा त्या विद्येची खरी कसोटी लागते, असे आम्हांस वाटते.

असा घोडा हट्टी नसतो, भ्यालेला असतो. संकट जाणवताच पळणे हेच त्याचे निसर्गदत्त रक्षण. म्हणून त्यास जखडून, मारून कातरू नये. प्रथम यंत्राचा आवाज दुरून ऐकवावा. मान खाली येऊन कान सैलावले की यंत्र थांबवावे. मग बंद यंत्र खांद्यावरून फिरवावे. पुढे आपला तळहात त्याच्या खांद्यावर ठेवून चालू यंत्र आपल्याच हातास टेकवावे, म्हणजे कंप त्यास हळूहळू परिचित होतो. कातरणीचा आरंभ खांद्यापासून. कान व मस्तक शेवटी. पाते तापल्यास थांबावे. मिशा मात्र राखाव्यात. नाकासमोरचे त्यास दिसत नाही, तेथे मिशांचा स्पर्शच त्याचे नेत्र होतो.

यास कित्येक दिवस लागतात, ते लागू द्यावेत. दसऱ्यापर्यंत काम न उरकल्यास न कातरलेला घोडाही पूजेस पात्रच आहे. भाविकहो, कुंकू लावणाऱ्या हाताचे त्यास भय उरले नाही, म्हणजे पूजा पावली.