स्थानिक वनांतील आक्रमक विदेशी वनस्पती : ओळख व नियंत्रण

प्रस्तावना :
विदेशी मूळ असलेली प्रत्येक वनस्पती आक्रमक नसते. मिरची, बटाटा व भुईमूग ही पिके परदेशातूनच आली. परंतु ती शेताच्या मर्यादेत राहिली. जी वनस्पती मानवाच्या मदतीशिवाय पसरते आणि स्थानिक वनस्पतींची जागा बळकावते, तीच आक्रमक विदेशी वनस्पती होय. १९९२ च्या जैविक विविधता कराराने अशा जातींचे नियंत्रण हे सदस्य राष्ट्रांचे कर्तव्य मानले आहे. महाराष्ट्रातील वने व वनांलगतच्या पडीक जमिनींत घाणेरी, रानमोडी व गाजरगवत या तीन वनस्पती विशेष उपद्रवी ठरल्या आहेत. तिन्हींचे मूलस्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश हे आहे.

ओळख :
१) घाणेरी : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली. चौकोनी काटेरी खोड, खरखरीत व उग्र वासाची पाने, एकाच गुच्छात दोन-तीन रंगांची फुले आणि पिकल्यावर काळी होणारी फळे ही तिची लक्षणे होत. पक्षी फळे खाऊन बियांचा दूरवर प्रसार करतात.
२) रानमोडी : समोरासमोर येणारी त्रिकोणी पाने, त्यांवरील तीन ठळक शिरा आणि हिवाळ्यात येणारे फिकट फुलांचे झुबके यांवरून ती ओळखता येते. तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडते. वाळलेली रानमोडी उन्हाळ्यात वणव्याला इंधन पुरवते.
३) गाजरगवत : पाने गाजरासारखी, फुले बारीक व पांढरी. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. एक झाड हजारो बिया निर्माण करते. त्याच्या संपर्काने त्वचारोग व दम्याचा त्रास संभवतो.

नियंत्रण :
नियंत्रणाची पद्धत वनस्पतीच्या प्रसाराच्या पद्धतीवरून ठरवावी लागते. घाणेरी केवळ वरून छाटल्यास बुंध्यातून अनेक धुमारे फुटतात व झुडूप अधिक दाट होते. यावर दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व सहकाऱ्यांनी सुचविलेली पद्धत उपयुक्त आहे. तीत जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे ठेवले जाते. त्यानंतर पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवणारी रोपे नियमित उपटावी लागतात. रानमोडी फुलण्यापूर्वी, जमीन ओलसर असताना मुळासकट काढणे इष्ट असते. गाजरगवतही फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. पडीक जागेत टाकळ्याचे बी पेरल्यानेही त्यास स्पर्धा निर्माण होते.

तथापि, निर्मूलनाने काम संपत नाही. मोकळ्या झालेल्या जमिनीत पुन्हा हीच झुडपे उगवतात. म्हणून तेथे लगेच मारवेल, पवन्या यांसारखी गवते आणि करवंद, धायटी यांसारखी स्थानिक झुडपे वाढू द्यावीत. घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत राहत नाही. परिणामी तृणभक्षी वन्यप्राणी व गावची गुरे दोहोंचा चारा घटतो. हा चारा परत येणे हीच नियंत्रणाच्या यशाची खरी कसोटी होय.

महाविद्यालयांची भूमिका :
राष्ट्रीय सेवा योजनेची श्रमशिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. त्या वेळी रानमोडी फुलोऱ्यात वा बियांवर असते. बी धरलेली झुडपे ओढत नेल्यास निर्मूलनाऐवजी प्रसारच होतो. म्हणून वनविभागाच्या परवानगीने हे काम पावसाळ्यात घ्यावे, एकच लहान क्षेत्र निवडावे व किमान तीन वर्षे त्याचा पाठपुरावा करावा. वनस्पतिशास्त्र विभागाने दरवर्षी ठरावीक चौकटीतील रोपांची मोजणी ठेवल्यास विद्यार्थ्यांना क्षेत्रीय अभ्यासही घडेल.

समारोप :
अचूक ओळख, योग्य हंगाम, सातत्य व स्थानिक वनस्पतींची पुनर्स्थापना या चार बाबी परस्परावलंबी आहेत. यांपैकी एकीचाही अभाव असल्यास श्रम वाया जातात व वन पूर्वीपेक्षा अधिक दुर्बल होते.