सोबतीची पहाट

दिवसभर गादीवर बसून व्यवहार पाहणाऱ्या गृहस्थास व्यायामाचे महत्त्व ठाऊक नसते, असे नाही. परंतु एकट्याने केलेला निश्चय पहिल्याच पावसात मोडतो. साताऱ्यात २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वर घाट चढून त्याच वाटेने परतायचे, असे सुमारे २१ किलोमीटर. अशी चढण सोबतीच्या सरावानेच सोपी होते.

समूहात प्रथम पाहावा तो वेग नव्हे, संवाद. धावताना पूर्ण वाक्य बोलता यावे. शब्द तुटू लागले की पावले मंद करावीत. नवशिक्याने थोडे धावावे, थोडे चालावे. उतारावर पावले आखूड ठेवावीत, कारण भार मांड्यांवर व गुडघ्यांवर येतो. अखेरचा सोबती पोहोचेपर्यंत कोणी घरी परतत नाही, ही चांगल्या समूहाची खूण.

व्यापाऱ्यास मनातील चिंता बोलून दाखवण्याजोगा माणूस क्वचितच भेटतो. येणे थकले आहे, मुलगा पेढीवर रमत नाही, हे समोरासमोर बसून सांगणे जड जाते. शेजारी धावताना ते सहज ओठांवर येते. तेथे कोणी कोणाचा घेणेकरी नसतो, देणेकरी नसतो.

चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. त्यानंतर मात्र मुहूर्त शोधू नये. उद्या पहाटे कोपऱ्यावर कोणीतरी आपली वाट पाहत उभे आहे, एवढी जाणीव अंथरूण सोडण्यास पुरेशी असते.