श्रीलंकेचे घाट, सायकल आणि आपली तब्येत

वर्षावास संपला की वस्तीत श्रीलंकेच्या यात्रेचा विषय निघतो. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, मिहिंतले, कँडीचा दंतधातू विहार अशी नावे घराघरांत ऐकू येतात. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, हे सांगताना ज्येष्ठ मंडळींचा आवाज आजही भरून येतो. यंदा आमच्या विहारातल्या तरुणांनी नवी कल्पना काढली. बसने सगळेच जातात, आपण कँडीपासून पुढचे डोंगर सायकलवर पार करू या. कल्पना आम्हाला आवडली. नावे आल्यावर रविवारी विहारात सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो. तेव्हा पन्नाशीला आलेले एक उपासक बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, मला शुगरची गोळी चालू आहे. पण मंडळात सांगू नका, नाहीतर मला नेणार नाहीत."

हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

रस्ता कसा आहे

श्रीलंकेच्या मध्यभागी डोंगराळ प्रदेश आहे. दाट जंगल, चहाचे मळे, धबधबे आणि त्यातून वळणे घेत जाणारे डांबरी रस्ते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे तेवढा गोंधळ होत नाही.

पहिला मार्ग कँडी ते नुवारा एलिया, सुमारे ७५ ते ८० किलोमीटर. कँडी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे, तर नुवारा एलिया १,८६८ मीटरवर. आपले सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिथले गावच आपल्या कळसूबाईपेक्षा उंच! गंपोलापर्यंत रस्ता सोपा वाटतो. पुढे पुस्सेल्लावाकडे चढ लागतो आणि रंबोड्याच्या धबधब्यांनंतर खरी परीक्षा सुरू होते. तिथून वरपर्यंत चढ जवळजवळ थांबतच नाही.

दुसरा मार्ग कँडीहून पूर्वेला महियंगणयकडे जातो. तथागत लंकेत पहिल्यांदा आले ते महियंगणयला, असे तिथली परंपरा मानते. तिथला स्तूप म्हणूनच उपासकांना प्रिय आहे. हा रस्ता आधी डोंगर चढतो आणि मग एकामागून एक तीव्र वळणांनी खाली मैदानात उतरतो. स्थानिक लोक त्याला '१८ वळणांचा रस्ता' असेच म्हणतात.

तिसरा मार्ग नुवारा एलियाहून वेलीमडा, बंडारवेलामार्गे एल्ला गावाकडे जातो. एल्ला १,००० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे एकूण हिशेबात हा उतरणीचा रस्ता, पण मध्ये चढही येतातच. एल्लाहून वेल्लवायाकडे उतरणारा घाट त्याहून तीव्र आहे.

चढावर काय करायचे

१,९०० मीटरच्या उंचीवर बहुतेक निरोगी माणसांना विरळ हवेचा आजार होत नाही. तो साधारण २,५०० मीटरच्या वर दिसू लागतो. तेव्हा उंचीची भीती नको. दम लागतो तो चढामुळे आणि घाईमुळे.

मोजमाप सोपे आहे. सायकल चालवताना शेजारच्याशी दोन-तीन वाक्ये बोलता आली पाहिजेत. एकेका शब्दाला धाप लागत असेल तर वेग कमी करा, हलका गियर घ्या. तरीही जमत नसेल तर उतरून सायकल ढकला. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही बोलण्याची चाचणी भरवशाची. बिनगियरची काळी सायकल या घाटात चालणार नाही. भाड्याने घेताना गियर आणि दोन्ही ब्रेक स्वतः तपासून घ्या.

सोण भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. घाटात ही गोष्ट आठवावी.

पाणी तहान लागण्याआधीपासून थोडे थोडे प्या, पण एका दमात बाटली रिकामी करू नका. फार घाम गेल्यावर नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ कमी होऊन चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखे होऊ शकते. क्षारसंजीवनीची पाकिटे सोबत ठेवा. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, एवढेच. मीठ अंदाजाने वाढवू नका.

साखर, बीपी आणि लपवलेला आजार

मधुमेह असलेल्याने सायकल चालवू नये, असे मुळीच नाही. सायकल त्याच्यासाठी चांगलीच आहे. धोका आहे तो न सांगण्यात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर लांब चढावर साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरतात, थंड घाम सुटतो, भूक लागते, माणूस विसंगत बोलतो किंवा चिडतो. सोबत्यांना आजार माहीतच नसेल तर त्यांना वाटते, दमला असेल. आणि माणूस वळणावर सायकलसकट कोसळतो.

साखर ७० च्या खाली गेली किंवा तशी लक्षणे दिसली तर लगेच थांबा. ३ छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा तेवढेच घ्या, मग काहीतरी खा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका. ग्लुकोजची पुडी बॅगेत नको, खिशात ठेवा. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बंद करू नका. निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांना भेटून विचारा.

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर घामाच्या दिवसांत शरीरातले पाणी लवकर कमी होते. तेही डॉक्टरांना सांगा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक घाम आणि धाप असे काहीही झाले तर 'गॅस असेल' म्हणत पुढे जाऊ नका. श्रीलंकेत १९९० या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका येते. भारताच्या मदतीने २०१६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आहे. प्रत्येकाच्या फोनमध्ये हा क्रमांक हवा.

आमच्या यादीत सुरुवातीला एकाही बाईचे नाव नव्हते. विचारल्यावर चार जणी पुढे आल्या. त्यांना आमचे एकच सांगणे: आधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर उपचार घ्या. रक्त कमी असताना घाटात लागणारा दम हा आळस नसतो.

उतार जास्त धोक्याचा

सगळे चढाची भीती बाळगतात, पण मोठे अपघात उतारावर होतात. २०२५ च्या मे महिन्यात कोत्मले भागात आणि सप्टेंबरमध्ये एल्ला-वेल्लवाया रस्त्यावर प्रवासी बस दरीत कोसळल्या. दोन्हींत मिळून ३५ हून अधिक माणसे गेली. जिथे बसचा ताबा सुटतो, तिथे सायकलस्वाराने किती जपावे, याचा विचार करा.

ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेकनी वेग कमी करा, वळणावर नाही. दोन सायकलींमध्ये अंतर ठेवा. हेल्मेटशिवाय उतरायचे नाही. वर पोहोचेपर्यंत कपडे घामाने भिजलेले असतात आणि नुवारा एलियात रात्री चांगलीच थंडी पडते. उतरण्याआधी कोरडा बनियन आणि वाऱ्याचे जाकीट घाला. गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही.

कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद, मिरची लावत बसू नका. जंगलात जळू लागली तर घाबरू नका, नखाने बाजूला सारा, जखम धुवा. रक्त थोडा वेळ वाहते, मग थांबते.

पावसाचा हिशेब आणि मळ्यातली माणसे

मे ते सप्टेंबर पश्चिमेकडच्या उतारांवर पाऊस असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर विजांसह कोसळतो, डिसेंबरपासून पूर्वेकडच्या उतारांवर. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळाने याच डोंगरांत दरडी कोसळल्या, शेकडो माणसे गेली, रस्ते तुटले. निघण्याआधी त्या दिवशीचा रस्ता चालू आहे का, हे विचारूनच पुढे जा.

या घाटांत दोन्ही बाजूंना चहा खुडणाऱ्या बाया दिसतील. इंग्रजांनी तमिळ मुलुखातून आणलेल्या मजुरांची ही लेकरे. त्यांत दलित जातींतली माणसे पुष्कळ. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या लाखो लोकांना नागरिकत्वच नाकारले. पुढे कितीतरी वर्षे ते कुठल्याच देशाचे नव्हते. आजही अनेक कुटुंबे मळ्यांच्या जुन्या चाळींत राहतात. ज्या चढावर आपण गियर बदलतो, त्याच चढावर त्या पाठीवर चहाची पाने घेऊन रोज उभ्या असतात. न विचारता फोटो काढू नका. थांबा, बोला, चहा घ्या. आपलेच दुःख दुसऱ्या भाषेत ऐकू येईल.

तयारी आजपासून

तीन महिने आधी सुरुवात करा. आठवड्यातून किमान १५० मिनिटे दम वाढेल अशी हालचाल, आणि एक दिवस जवळचा उड्डाणपूल किंवा टेकडी सायकलने चढा-उतरा. यात्रेला न जाणाऱ्यांनीही हे करावे. साखर आणि बीपी श्रीलंकेला जाणाऱ्यांनाच होते असे थोडेच आहे? बॅगेत पांढरे, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे ठेवा, विहारात जाताना लागतील.

त्या उपासकांशी आम्ही पुन्हा बोललो. मंडळासमोर त्यांनी स्वतःच सांगितले. कोणी हसले नाही, उलट आणखी दोघांनी आपापल्या गोळ्या सांगितल्या. आता ठरले आहे की मागून एक गाडी असेल, दोघे-दोघे जोडीने चालवतील आणि रंबोड्याला सगळ्यांची साखर तपासूनच पुढचा चढ. ज्याची कमी येईल तो गाडीत बसेल. त्यात कमीपणा नाही. सगळे मिळून निघालो, सगळे मिळून परत यायचे आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.