फिल्म कोडॅकची, विक्री दुसऱ्याची

‘कोडॅक’ची छायाचित्रण फिल्म अमेरिकेतील रॉचेस्टर येथे ईस्टमन कोडॅकच्या कारखान्यात तयार होते, ती विकण्याचा हक्क मात्र अनेक वर्षे या कंपनीकडे नव्हता. त्याचे मूळ निवृत्तिवेतनाच्या बोजात आहे. जानेवारी २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा ब्रिटनमधील कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा तिच्यावर २.८ अब्ज डॉलरचा दावा होता. २०१३ च्या तडजोडीत निधीने तो सोडला आणि फिल्मविक्रीचा व्यवसाय विकत घेतला. त्यातून ‘कोडॅक अलारिस’ उभी राहिली. निवृत्तांच्या पुंजीने फिल्मचे दुकान मांडावे, हा प्रकार विरळाच! चित्रपटांची फिल्म ईस्टमनने स्वतःकडेच ठेवली. २०२४ मध्ये अलारिस किंग्सवूड कॅपिटलला विकली गेली. २०२५ मध्ये ‘कोडाकलर’ १०० व २०० या फिल्म ईस्टमनने पुन्हा थेट वितरकांना देण्यास प्रारंभ केला.