कर्ज माफ झाले, पण पैसा गेला कुठे?

गरीब देशांवर परदेशी कर्जाचा डोंगर कसा चढला, ते मागच्या लेखांकात आपण पाहिले. तो उतरवण्यात सामान्य माणसांच्या संघटनांचा वाटा किती, हा आजचा प्रश्न. माझ्या मते वाटा मोठा आहे. पण त्यातले मोर्चे सगळ्यांना दिसले आणि नंतरची हिशेबतपासणी फारशी कुणी पाहिलीच नाही.

१६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये जी-८ राष्ट्रांची परिषद चालू असताना सुमारे ७० हजार लोकांनी तिथे मानवी साखळी केली. 'ज्युबिली २०००' या मोहिमेत चर्चच्या मंडळ्या होत्या, कामगार संघटना होत्या. मागणी एका वाक्याची: सर्वांत गरीब देशांची न फिटणारी कर्जे २००० सालापर्यंत माफ करा. यावर कोणी म्हणेल, जागतिक बँक आणि नाणेनिधीने कर्जसवलतीची योजना १९९६ मध्येच आणली होती, मग मोहिमेने काय केले? योजना होती खरी, पण कर्ज वार्षिक निर्यातीच्या दुप्पट-अडीचपट असल्याशिवाय सहसा दाद लागत नसे. जून १९९९ मध्ये कोलोनच्या परिषदेत ही अट दीडपटीवर आणायचे ठरले. मधल्या वर्षात त्या देशांची अर्थव्यवस्था काही पालटली नव्हती. श्रीमंत देशांच्या नेत्यांना मात्र आपल्याच मतदारांना उत्तर देणे भाग पडले होते.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या कर्जमाफीच्या वादामुळे ओळखीचा आहे: लाभ खऱ्या गरजूला मिळतो का? शंका रास्तच आहे. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी निघालेल्या दरडोई अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोहोचत असे. बाकीचे झारीतले शुक्राचार्य अडवत. पुढे सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापल्या, शाळांच्या फलकांवर लावायला लावल्या. कर्जसवलतीतून वाचलेला पैसा वेगळ्या दारिद्र्यनिर्मूलन निधीत जाऊ लागला, तेव्हा 'युगांडा डेट नेटवर्क'ने गावागावांत देखरेख समित्या उभ्या केल्या. कागदावरचा वर्ग खरोखर बांधला का, भिंती धड आहेत का, हे गावकरीच जाऊन पाहू लागले. गळती पुरती थांबली असे नव्हे, पण जाब विचारायला आता गावाच्या हाती आकडा होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: माफी मिळूनही झांबियाने २०२० मध्ये पुन्हा हप्ते थकवले. जुने कर्ज पुसले गेले, कर्ज देण्याघेण्याचे नियम तेच राहिले, ही मोहिमेची खरी उणीव. त्याची चुणूक आधीच दिसली होती. झांबियाचे रुमानियाकडचे जुने कर्ज एका खासगी कंपनीने सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतले आणि साडेपाच कोटींचा दावा लावला; २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयात तिला सुमारे दीड कोटी डॉलर मिळाले. संघटनांनी हे प्रकरण लावून धरले आणि २०१० मध्ये ब्रिटनने अशा वसुलीवर कायद्याने मर्यादा घातली. १८७५ मध्ये दख्खनच्या रयतेने सावकारांची खते जाळल्यावर १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना कर्जाचा मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला, तो इतिहास मराठी वाचकाला इथे आठवेलच. ब्रिटनचा कायदा मात्र फक्त १९९६ च्या कर्जसवलत योजनेतल्या जुन्या कर्जांपुरता आहे. आजचे कर्जरोखे बहुतांशी लंडन आणि न्यूयॉर्कच्या कायद्याखाली निघतात, त्यामुळे संघटनांनी आता तिथल्या विधिमंडळांकडे मोर्चा वळवला आहे.